कौतुकाचा ठराव

शुक्रवारी, वीस जूनला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बोरटेकच्या ग्रामपंचायतीत विशेष ग्रामसभा सुरू झाली. विषय एकच होता: उपकेंद्राच्या परिचारिका नीलम संघपाल तायडे यांची अकोला जिल्ह्यात झालेली बदली रद्द करण्याबाबत. हजर मतदार एकशे सतरा.

शंभर डोकी जमली की सभा कायद्याने भरते. बोरटेकात ती याआधी एकदाच भरली होती, घरकुलांची यादी वाचायची होती त्या दिवशी. एरवी सभा व्हायची ती वहीत. म्हणून देवमन गुरुजींनी माणसं दोनदा मोजली. दुसऱ्या खेपेला एक जण बकऱ्या हाकलायला उठून गेलेला दिसला. त्याला वजा करून मगच त्यांनी आकडा लिहिला.

वही लिहिणं खरं तर ग्रामसेवकाचं काम. पण ग्रामसेवक किशोरकडे तीन गावांचा कारभार होता आणि त्याचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यालाही लागत नसे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून ग्रामसभेचं इतिवृत्त गुरुजी लिहायचे आणि खाली सही किशोर करायचा. गुरुजींचा नियम असा की ठरावात नुसतं मत नको, कोणी, कधी, काय, हे हवं. "पुराव्याबिगर ठराव म्हणजे भाषण," हे वाक्य बोरटेकच्या दोन पिढ्यांनी शाळेत छडी खाताखाता पाठ केलं होतं.

आज अडचण एवढीच होती की जिची बदली थांबवायची ती त्यांची सून होती.

नीलम बोरटेकात नर्स म्हणून आधी आली आणि सून मागाहून झाली. माहेर नांदगाव पेठचं. चौदा वर्षांपूर्वी ती उपकेंद्रावर हजर झाली, गुरुजींच्या घराची पुढची खोली तिने भाड्याने घेतली, आणि तीन वर्षांनी गुरुजींच्या संघपालशी लग्न झाल्यावर भाडं बंद झालं. संघपाल अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. नऊ वर्षांची सांची पहिलीपासून बापाजवळ अकोल्यातच शिकत होती. नीलम दर रविवारी चांदूर रेल्वेहून गाडी धरायची, अकोल्यात उतरून लेकीचे केस धुवायची, दोन दिवसांची भाजी करून ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायची. बाकीचे दिवस संघपाल रांधायचा. सांचीने बापाच्या वरणाला एकदा दहापैकी चार गुण दिले होते, तेही आजोबांची नात म्हणून मोकळ्या हाताने.

सहा वर्षांपूर्वी नीलमने अकोला जिल्ह्यात बदली मागितली. नऊ जूनला आदेश आला. तीस जूनपर्यंत तिकडे हजर व्हायचं. आदेशात शेवटचा रकाना तिच्या जागी कोण येणार याचा होता. त्यात एक आडवी रेघ होती.

त्या रेघेने गाव हादरलं. नीलम येण्याआधी ही जागा दोन वर्षं रिकामी होती. तेव्हा माणिकबाईची थोरली सून तालुक्याच्या वाटेवर ऑटोत बाळंत झाली. तेव्हा झालेली पोरगी यंदा दहावी पास झाली, तरी गाव तिला अजून ऑटोवालीच म्हणतं. त्यामुळे लोक घाबरले होते ते उगाच नव्हे.

गुरुजींच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ग्रामपंचायतीच्या या ओट्यावर त्यांचे वडील कधी बसले नाहीत. काम असलं तर खाली उभे राहायचे. आज त्याच ओट्यावर आणि ओट्याखाली सगळं गाव, सगळ्या आळ्यांचं, तायड्यांच्या सुनेसाठी गोळा झालं होतं. माणसाने किती म्हणून निःपक्ष राहावं.

दुर्गाबाईंना हे सगळं न सांगता कळत होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा पाठीचा कणा कधी ताठ होतो हे त्यांना पाठ झालं होतं.

त्यांनी आपला डाव आदल्याच दिवशी टाकला होता. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा व्हावी असा कायदा आहे. बोरटेकात ती सभा म्हणजे किशोरची वही घरोघर फिरायची आणि बायका पिठाच्या हाताने सही करायच्या. गुरुवारी वही दारात आली तेव्हा दुर्गाबाईंनी ती परत पाठवली. सही पाहिजे तर सभा घ्या, म्हणाल्या. किशोरने आधी हसून पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, मग अंगणवाडीची चावी मागवली. त्रेचाळीस बाया जमल्या. दुर्गाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोनच वाक्यं सांगितली.

"सून माही हाये, नर्स सरकारची हाये. सून मी अकोल्याले पाठवतो, नर्स सरकारनं इकळे पाठवावी."

ठराव झाला: नीलमला जाऊ द्यावं, पण तिच्या जागी दुसरी परिचारिका नेमून मग. माणिकबाईने अनुमोदन दिलं. गुरुजींनी इतिवृत्त लिहिलं आणि मनात म्हटलं, मुद्दा बरोबर आहे. मुद्दा बरोबर असला की त्यांना नेहमीच थोडं अस्वस्थ वाटायचं.

त्याच संध्याकाळी चंद्रभान आला. चंद्रभान म्हणजे गुरुजींचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी दोन्ही घरांमधल्या गोठ्याची भिंत त्याने हातभर अलीकडे घातली, तेव्हापासून तो या घरात पाणीसुद्धा घेत नव्हता. गुरुवारी त्याने चहा घेतला. बशीत ओतून, शेवटचा थेंब राहीपर्यंत. मग मुद्द्यावर आला. सिस्टर गेली तर दर सोमवारी माझ्या बोटाला टोचून साखर कोण पाहणार, वहिनी?

"भिंत घालताना इचारलं होतं काय, साखर कोन पाहीन म्हनून?" दुर्गाबाई म्हणाल्या.

चंद्रभान म्हणाला की भिंतीचं पाहून घेऊ, हातभर मागेही घेता येते भिंत. दुर्गाबाईंनी दुसरा चहा विचारला नाही. गुरुजींनी विचारला. भाऊ भिंत मागे घ्यायला तयार आहे हे ऐकून त्यांना गहिवरून आलं होतं, आणि त्या गहिवरात त्यांनी शब्द दिला की ठराव असा लिहीन की वरच्या साहेबाला नाही म्हणता येणार नाही.

शुक्रवारी साडेदहाला संघपाल अकोल्याहून एक छोटा टेम्पो घेऊन आला. नीलमचं कपाट, शिलाई मशीन आणि पुस्तकांची पेटी न्यायला. सभेच्या तोंडावर टेम्पो दारात दिसणं बरं नव्हे म्हणून गुरुजींनी तो शाळेच्या मागे लावायला लावला. ड्रायव्हर बिचारा सिंदीच्या झाडाखाली सावली शोधत बसला. सिंदीला सावली नसते हे त्याला तासाभराने कळलं.

"बाबा, तुमी कोनाकडून?" संघपालने वाटेत विचारलं.

"मी इतिवृत्त लिहितो. लिहिनारा कोनाकडूनच नसते."

"अन् पेन?"

गुरुजी चष्मा पुसत ओट्याकडे निघाले.

सभेला तालुक्याच्या आरोग्य अधिकारी डॉ. रागिणी वानखडे मुद्दाम आल्या होत्या. मॅडम तरुण होत्या, थोडक्यात बोलायच्या आणि गाव ओरडत असलं तरी आवाज चढवत नसत. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की बदली थांबवायचा अधिकार त्यांना नाही. गावाचं म्हणणं लेखी द्या, त्या वर पाठवतील. मग त्या खुर्चीत टेकल्या आणि वही उघडून बसल्या.

सरपंच खुशालराव बोलायला उठले. सिस्टर ही सरकारची नोकर नसून गावची लेक आहे, असं ते म्हणाले. सिस्टर चौदा वर्षं दिवस पाहत नाही की रात्र, असंही म्हणाले. दहा मिनिटांनी ते हेच पुन्हा म्हणू लागले तेव्हा गुरुजींनी पेन वर केलं. सरपंचसाहेब, याने वर काही होणार नाही. कोणी, कधी, काय, हे सांगा. साक्षी द्या.

साक्षी मागायचीच खोटी होती.

पहिली माणिकबाई उठली. आदल्या दिवशी दुर्गाबाईंना अनुमोदन देणारी तीच. रात्रीतून तिचं मन फिरलं होतं, आणि का फिरलं ते तिने तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. खालची दाढ गेल्या वर्षी ठणकत होती. अमरावतीच्या दवाखान्यात तारीख महिन्यानंतरची. सिस्टरने उपकेंद्राच्या ओसरीत बसवून दाढ काढली. "सांडशीनं नाही, तिच्या चिमट्यानं," माणिकबाईने खुलासा केला. गुरुजींनी तारीख विचारली. अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. लिहून घेतलं. साक्ष क्रमांक एक.

बायकांच्या रांगेत बसलेल्या नीलमने मान हलवली. गुरुजींना वाटलं, लाजली.

दुसरा चंद्रभान. गेल्या उन्हाळ्यात ऊन लागलं तेव्हा सिस्टरने त्याच्या घरी येऊन सलाईन लावलं. बाटली कुठे टांगावी हा प्रश्न पडला. ती त्याच भिंतीच्या खुंटीला टांगली. भिंत कामाची आहे हेही जाता जाता नोंदवावं, असं चंद्रभानने सुचवलं. गुरुजींनी सलाईन लिहिलं, खुंटी लिहिली, भिंत गाळली.

मग एका बाईने सांगितलं की तिच्या घरचा माणूस प्यायचा. सिस्टरने गोळ्या दिल्या, त्या तिने सहा महिने न सांगता त्याच्या चहात टाकल्या आणि त्याची दारू सुटली. तिचा नवरा तिसऱ्या रांगेत बसला होता. आपली दारू इच्छाशक्तीने सुटली असं तो आजवर लोकांना सांगत आला होता. तो हळूच उठला आणि उन्हात जाऊन उभा राहिला. साक्ष क्रमांक पाच.

आठव्या क्रमांकाला भगवंतराव उठले. त्यांच्या बैलाच्या पुढच्या पायाची फरी काटेरी तारेने फाटली होती. जनावरांचा डॉक्टर रजेवर. सिस्टर उपकेंद्रातून निघाली होती, तिला त्यांनी रस्त्यातच अडवलं आणि हात जोडले.

"नऊ टाके घातले सिस्टरनं. मोजून नऊ. बैल बाहीर बांधला हाये, मॅडम, पाहून घ्या."

सगळी सभा वळून बैलाकडे पाहू लागली. बैल शेपटीने माश्या वारत होता. डॉ. वानखडेंनी पेन खाली ठेवलं, बैलाकडे पाहिलं, आणि पेन पुन्हा उचललं. एव्हाना नीलमचे दोन्ही हात वर गेले होते. थांबा, थांबा, असं ती खुणेने सांगत होती. तिच्या मागे बसलेल्या दुर्गाबाईही उठल्या होत्या. गुरुजी लिहीत होते. अशी धडाडून येणारी, तारीखवार, नावासकट माहिती त्यांना आठ वर्षांत कुठल्याही सभेत मिळाली नव्हती. पान भरलं की ते शाई वाळेपर्यंत फुंकर घालत.

तेरा साक्षी झाल्या. चौदावी स्वतः गुरुजींनी दिली. खरं म्हणजे लिहिणाऱ्याने बोलू नये. पण मागच्या वर्षी तेरा एप्रिलला, दुपारी तीन वाजता, जयंतीच्या मंडपाची दोरी ओढताना त्यांच्या छातीत कळ आली. नीलमने पिशवीतून गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली, गाडी बोलावली आणि अमरावतीला नेलं. ती गोळी नसती तर आज इतिवृत्त दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. हे सांगताना गुरुजींचा आवाज बारीक झाला. सभेने टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी खाली बसून आपलीच साक्ष स्वच्छ अक्षरात लिहिली.

डॉ. वानखडे उभ्या राहिल्या. "हे सगळं खरं आहे?"

"हो," एकशे सतरा जणांनी सांगितलं. बोरटेकच्या इतिहासात एकमताने उच्चारलेला बहुधा हा पहिला शब्द.

तेव्हा नीलम उठली. पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"मला जायचं आहे. अर्ज मीच केला होता, सहा वर्षांपूर्वी. माझी लेक तिकडे आहे. तुम्ही दुसरी नर्स मागा, मी तिला सगळं शिकवून जाते. पण मला जायचं आहे."

खुशालराव गहिवरून म्हणाले, "पाहा मॅडम. आपल्यापायी गावाले तरास नको म्हनून किती बोलून राह्यली. याले म्हन्तात संस्कार." टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. चंद्रभानच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. नीलम उभीच होती. टाळ्या थांबत नव्हत्या, म्हणून ती बसली.

गुरुजींच्या पेनाचं टोक कागदावर टेकलेलं होतं. तिथे शाईचा एक ठिपका जमला. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, ओट्याखालच्या गर्दीकडे पाहिलं, आणि लिहिलं: परिचारिकांनी आभार मानले.

बायकांचा आदल्या दिवशीचा ठराव कुणी वाचला नाही. हा ठराव एकमताने मंजूर झाला. डॉ. वानखडेंनी इतिवृत्ताची प्रत मागितली. दहा पानांच्या छायाप्रती काढायला किशोरला मोटरसायकलवर पाठवलं गेलं. मॅडमनी प्रत पिशवीत ठेवली आणि निघताना गुरुजींना म्हणाल्या, "इतकं सविस्तर इतिवृत्त मी कुठल्याच गावात पाहिलं नाही." गुरुजी दोन दिवस हे वाक्य घोळवत राहिले. टेम्पो संध्याकाळी रिकामा परत गेला.

सोमवारी, तेवीस जूनला, दुपारी सव्वाबाराला जिल्हा आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. ग्रामसभेच्या इतिवृत्तातील चौदा नोंदींवरून सदर परिचारिकेने परवानगी नसलेले उपचार केल्याचं, यादीत नसलेली औषधं वापरल्याचं आणि एका जनावरावर शस्त्रक्रिया केल्याचं प्रथमदर्शनी दिसतं. चौकशी समिती तीन जुलैला गावात येईल. चौकशी पूर्ण होईपर्यंत परिचारिकेस बदलीसाठी मोकळं करता येणार नाही. प्रत ग्रामपंचायतीला. सोबत गावाने चौकशीकामी दिलेल्या तपशीलवार सहकार्याबद्दल आभार.

बदली थांबली होती. गावाने मागितलं होतं ते मिळालं होतं. फक्त सिस्टरची नोकरी जायची वेळ आली होती. चौकशीत ठपका बसला तर अकोला नाही, बोरटेक नाही, काहीच नाही. आणि ठपका बसला नाही तरी तीस जून समिती यायच्या आधीच उलटणार होता.

नीलमने पत्र वाचलं, घडी घातली आणि लसीकरणाची पेटी घेऊन निघून गेली. मंगळवारी लसीकरण असतं, बर्फाची सोय आदल्या दिवशीच करावी लागते. दुर्गाबाईंनी मात्र ग्रामपंचायतीची वही मागवली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. पुढचं वाचन लग्नानंतर, गुरुजींनीच घरी शिकवलेलं. ओसरीत बसून बोट ठेवत त्यांनी दहाही पानं वाचली. दोन तास लागले. गुरुजी अंगणात कडुलिंबाच्या काड्या उगाच गोळा करत राहिले.

"बैल लिवला," दुर्गाबाई शेवटी म्हणाल्या. "खुंटी लिवली. मानकीची दाढ लिवली. अन् माही पोरगी सगळ्याइच्या समोर उभी राहून बोलली, थे नाही लिवलं. तिनं आभार कवा मानले, वो?"

गुरुजींनी काड्यांची मोळी सोडून पुन्हा बांधली. बेचाळीस वर्षांत आपण शिकवलेलं वाचन आपल्यावरच येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी गाव कामाला लागलं. चूक सुधारण्यात बोरटेक हयगय करत नाही, फक्त सुधारण्याची पद्धत बोरटेकची असते. पुढाकार चंद्रभाननेच घेतला. तालुक्याला जाऊन त्याने चौदा कागद टंकून आणले: सभेत मी भावनेच्या भरात बोललो, मला कधीही कोणताही आजार झालेला नाही व परिचारिकांनी माझ्यावर कोणताही उपचार केलेला नाही. नावाची जागा मोकळी. दुपारपर्यंत तेरा सह्या झाल्या. माणिकबाईने लिहून दिलं की ती दाढ तिला जन्मापासूनच नव्हती. चहातल्या गोळ्यांचा नवरा आनंदाने सही करून गेला. इच्छाशक्ती परत मिळाली होती. भगवंतराव अडले. बैलाला आजार झाला नाही असं कसं लिहावं, टाक्यांची खूण तर वीतभर. मग त्यांनी बैल आपला नसल्याचं लिहून दिलं आणि तो शेताच्या धुऱ्यापलीकडच्या मेहुण्याच्या गोठ्यात बांधला.

चंद्रभानची सही सगळ्यांत वर होती. मला साखर नाही, असं त्याने खास पेनाने वाढवलं होतं.

चौदावा कागद घेऊन तो गुरुजींकडे आला. दादा, तुझीच तेवढी राहिली. इतिवृत्त तुझ्या हातचं. तूच लिही की चुकून लिहिलं गेलं, म्हणजे मुळावरच घाव. गोळीबिळी काही नव्हती. गॅस होता म्हण.

"गॅस," गुरुजी म्हणाले.

"सगळ्याइले होते गॅस."

भाऊ गेल्यावर गुरुजी कागद घेऊन बसले. नावाच्या जागेत नाव लिहून झालं. सही तेवढी बाकी होती. त्या सहीने सून सुटण्याची शक्यता होती. आणि त्या सहीने आठ वर्षांची वही खोटी ठरत होती, आणि तेरा एप्रिलची दुपारही. नीलम संध्याकाळी आली, पेटी ठेवली, हात धुतले, आणि त्यांच्यासमोर दगडावर बसली. कागद तिने वाचला होता. सगळ्या गावाने वाचला होता.

चहातल्या गोळ्यांचं तिने आधी सांगितलं. त्या जीवनसत्त्वाच्या होत्या. दारू त्या माणसाने खरंच स्वतः सोडली होती, आणि हे आता त्याला कोण सांगणार. गुरुजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग ती म्हणाली, "बाबा, यावर तुम्ही सही करू नका. गोळी मी दिली होती. टाके मीच घातले. समितीला मी तेच सांगणार आहे, विचारतील ते सगळं. तेरा जणांनी खोटं लिहिलं आणि चौदावं तुम्ही लिहिलंत तर मी खरं सांगणारी एकटी पडेन."

"अन् अकोला?"

आत फोन वाजत होता. सांचीच्या फोनची वेळ झाली होती. नीलम उठून आत गेली, आणि गुरुजींना ऐकू आलं ते एवढंच की शनिवारी शाळेत आईला बोलावलंय, आणि आई म्हणते आहे, बघते हं बाळा, बघते.

बुधवारी सकाळी गुरुजींनी चंद्रभानला कागद परत केला. कोरा नाही, मध्ये तिरकी रेघ मारलेला. चंद्रभानने तो पाहिला आणि म्हणाला की मग भिंत आहे तिथेच राहील. गुरुजी म्हणाले, राहू दे. दुर्गाबाईंनी हे ओसरीतून ऐकलं. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही की कुठे चाललात. इस्त्रीचा सदरा मात्र काढून ठेवला होता.

दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी देवमन गुरुजी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आवक विभागासमोर उभे होते. त्यांच्या आधी बोरटेकचे तेरा कागद सकाळीच पोहोचले होते. आवक लिपिकाने ते चाळून ठेवले होते आणि त्याला एक शंका होती. या गावात कुणाला कधी काही होतच नाही, गुरुजी, मग उपकेंद्र कशाला पाहिजे गावाला? गुरुजी म्हणाले की तो प्रश्न लेखी विचारा, ग्रामसभा बोलावू. मग त्यांनी आपला कागद पुढे केला. हाताने लिहिलेला, समास सोडून, पाच ओळींचा.

"वीस जूनच्या इतिवृत्तात पान नऊवर 'परिचारिकांनी आभार मानले' अशी नोंद आहे. परिचारिकांनी आभार मानले नाहीत. 'मला जायचं आहे' असं त्या दोनदा म्हणाल्या, 'दुसरी नर्स मागा' असंही म्हणाल्या. मी ऐकलं होतं आणि लिहिलं नाही. बाकी चौदा नोंदी जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत, माझी धरून. दे. ना. तायडे."

लिपिकाने कागद वाचला, उलटून मागे काही आहे का पाहिलं, पुन्हा वाचला. शिक्का मारला. आवक क्रमांक दोनशे एकाहत्तर. मग हात थांबला.

"हे कशात लावू? बदलीच्या फायलीत की चौकशीच्या?"

गुरुजींनी थोडा विचार केला. बदलीच्या फायलीत लावला तर चौकशीवाले पाहणार नाहीत. चौकशीच्या लावला तर बदलीवाले पाहणार नाहीत. दोन्हीत लावा, ते म्हणाले. मूळ कागद एकच आहे, लिपिक म्हणाला, आणि छायाप्रतीला मॅडमची सही लागते. मॅडम बैठकीसाठी अमरावतीला गेल्या आहेत. उद्या येतील. नाहीतर परवा.

गुरुजी बाकावर बसून राहिले. पावणेसहाला शिपाई खिडक्या लावू लागला तेव्हा दोनशे एकाहत्तर क्रमांकाचा कागद टेबलावर होता, एका बाजूला बदलीची फाईल, दुसऱ्या बाजूला चौकशीची, आणि मधल्या कागदावर पेपरवेट.